भाड्याच्या फ्लॅटमधली दुरुस्ती कशी करून घ्यायची: पुण्यात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

पुण्यात प्लंबर मिळत नाही, अशी वेळ क्वचित येते. वॉचमनला किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात विचारलं की कुणीतरी पाना घेऊन दारात उभा राहतो. काम अडतं ते दुसऱ्याच जागी. "करून टाका" असं म्हणायचा अधिकार कुणाला आणि पैसे कुणाच्या खिशातून, हेच ठरलेलं नसतं. मालक म्हणतात सोसायटीला सांगा. सोसायटी म्हणते मालकांना पत्र द्यायला सांगा. वरच्या मजल्यावरचे म्हणतात आमच्याकडे तर सगळं ठणठणीत आहे. ब्रोकर तर दलाली घेतल्या दिवसापासून फोन उचलत नाही. आणि तुम्ही बादली लावून बसता.

मी बरीच वर्षं भाड्याच्या घरांत काढली आहेत, म्हणून हे लिहिते आहे. हे सगळं लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगी-करारावर, राहणाऱ्यांसाठी आहे. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भाडेकरूंचे प्रश्न वेगळे आणि त्यांचा कायदाही वेगळ्या वाटेने जातो.

१. सही करण्याआधी करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पुढची निम्मी भांडणं इथेच मिटतात.

आधी एक गैरसमज. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. लेखी नोटीस देऊनही पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. त्यालाही मर्यादा आहे, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. ही माहिती व्हॉट्सॲपवर फिरते आणि तिच्या भरवशावर लोक भाडं कापून मोकळे होतात. पण ती तरतूद भाडेकरूसाठी आहे. लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस, आपण बोलताना त्याला काहीही म्हणोत, कायद्याच्या लेखी भाडेकरू नसतो. त्याला ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी असते, एवढंच. त्यामुळे तुम्हाला खरा आधार करारात लिहिलेल्या ओळींचा.

आणि त्या ओळी काय असतात? "किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने स्वखर्चाने करावी." लायसन्सी म्हणजे तुम्ही, राहणारे. पण किरकोळ म्हणजे किती, ते कुठेच लिहिलेलं नसतं. गीझर किरकोळ की मोठा? म्हणून कराराचा मसुदा करणाऱ्या एजंटला सांगून पुढच्या गोष्टी घालून घ्या:

- एका कामाचा अमुक रुपयांपर्यंतचा खर्च राहणाऱ्याचा, त्यावरचा मालकाचा. आकडा लिहाच. हजार, दीड हजार, जो ठरेल तो.
- भिंतीतले पाइप, वायरिंग, गळती, ओल आणि दारंखिडक्यांच्या चौकटी यांचा खर्च रक्कम कितीही असो, मालकाचा.
- कळवल्यापासून इतक्या दिवसांत मालकांनी उत्तर दिलं नाही, तर राहणाऱ्याने काम करून घ्यावं आणि बिलाप्रमाणे पैसे मालकांनी परत द्यावेत.
- मालक परगावी किंवा परदेशी असतील तर त्यांच्या वतीने निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन.

शेवटचा मुद्दा सोडू नका. वाकड, हिंजवडी, बाणेर, खराडी या भागांत कित्येक फ्लॅटचे मालक अमेरिकेत किंवा बंगळुरूत असतात आणि चावी चिंचवडच्या काकांकडे. काका चहा पाजतात, पण "त्याला विचारून सांगतो" याच्या पुढे जात नाहीत. काकांना पाच हजारांपर्यंत हो म्हणायचा अधिकार आहे, एवढं लिहून घेतलं तरी पुरे.

मालक अडून बसले तर त्यांच्यापुढे ठेवायला एक चांगला कागद आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये राज्यांसाठी आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना काढला. त्याच्या परिशिष्टात मालकाने काय करायचं आणि राहणाऱ्याने काय, याची यादीच आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, रंगरंगोटी, गरजेप्रमाणे पाइप बदलणं आणि वायरिंग मालकाकडे. नळ आणि वॉशर, तुंबलेल्या मोऱ्या, बेसिन, कमोड, स्विच-सॉकेट, कड्या-कुलपं, मच्छरजाळ्या आणि खिडक्यांच्या काचा राहणाऱ्याकडे. गीझरची दुरुस्तीसुद्धा त्या यादीत राहणाऱ्याकडेच आहे, तेव्हा यादी दाखवताना हे ध्यानात ठेवा. पुण्यात हा नमुना बंधनकारक नाही. बोलणी करताना "सरकारी यादी आहे" म्हणून उपयोग होतो, तेवढाच.

सापळा: "अकराच महिन्यांचा आहे, नोटरी करू." महाराष्ट्रात मुदत कितीही असली तरी करार नोंदवावा लागतो आणि १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये. घरबसल्या ई-रजिस्ट्रेशन होतं, आधार आणि अंगठ्यावर. नोंदवलेला करार हातात असला की दुरुस्तीचं कलम दाखवताना आवाज चढवावा लागत नाही.

२. चावी घेताना घर तपासा आणि तारखेसह पाठवून ठेवा

बरोबर एक मोबाइल चार्जर, एक बादली आणि अर्धा-पाऊण तास हवा. सामान आत येण्याआधी.

- चार्जर प्रत्येक सॉकेटला लावून बघा.
- सगळे नळ एकदम उघडा, मग फ्लश ओढा. शॉवरची धार तेव्हाच गेली तर प्रेशरचा प्रश्न आहे.
- गीझर पंधरा मिनिटं चालवा. एमसीबी (बोर्डातलं, भार वाढला की आपोआप पडणारं बटण) पडते का पाहा.
- बोर्डातल्या आरसीसीबीवरचं (शॉकपासून वाचवायला वीज तोडणारा स्विच) टेस्टचं बटण दाबा. वीज गेली पाहिजे. गेली नाही तर शॉक लागला तरी आरसीसीबी वाचवणार नाही, आणि हे काम पहिल्याच दिवशी मालकांना सांगायचं.
- न्हाणीघरात बादलीभर पाणी ओता. ते मोरीकडे जातं की दाराकडे?
- बाथरूमच्या पलीकडच्या भिंती, छताचे कोपरे आणि सिंकखालचं कपाट बघा. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर तिथे काय झालं होतं ते विचारा.
- विजेच्या मीटरच्या रीडिंगचा फोटो.
- पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघून घ्या. बऱ्याच इमारतींत तो डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या पोकळीत) किंवा गच्चीवर असतो. रात्री पाइप फुटल्यावर शोधायची ही गोष्ट नव्हे.

सगळ्याचा एक सलग व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकांना पाठवा. "घर मिळालं, छान आहे, एवढ्या गोष्टी आधीपासून आहेत" असं दोन ओळींत. तक्रारीचा सूर नको. अकरा महिन्यांनी डिपॉझिटमधून खिडकीच्या फुटक्या काचेचे पैसे कापायची वेळ येते तेव्हा हा मेसेज बोलतो.

३. बिघाड कुठे आहे ते आधी ओळखा

"बाथरूममध्ये पाणी येतंय" एवढं कळवलं की उत्तर येतं, "प्लंबरला दाखवा." प्लंबर येतो, व्हिजिटचे पैसे घेतो आणि "वरून येतंय" म्हणून जातो. त्यापेक्षा दोन दिवस स्वतः बघा. गळती केव्हा होते यावरून ती कुठली हे बरंच कळतं.

*रात्रंदिवस, एकाच वेगाने ठिबकतंय, वरचे गावाला गेले तरी थांबत नाही.* हा बहुधा पाण्याचा पाइप. टाकीचं पाणी त्यात सतत दाबाने भरलेलं असतं. वरच्यांचा व्हॉल्व्ह काही तास बंद ठेवायला सांगा. थेंब मंदावले तर शोध संपला.

*सकाळी वरच्यांच्या अंघोळी झाल्या की ठिबकतं, दुपारी सुकतं.* हा न्हाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचं भांडं), सांडपाण्याचा पाइप किंवा टाइल्सच्या फटी. वरच्या बाथरूमच्या मोरीला बोळा घालून दोन इंच पाणी साठवायचं आणि चोवीस तास थांबायचं. पाण्यात कपड्यांची नीळ टाकली तर खाली उतरणारा थेंब निळा दिसतो आणि वाद जागीच संपतो.

*फक्त पावसात.* बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीची सिल किंवा तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर गच्ची. इथे वरच्यांशी भांडू नका.

*तुमच्याच बाथरूमच्या मागच्या भिंतीला, जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत ओल.* मग पाणी तुमच्याच घरातलं आहे आणि कदाचित खालच्यांकडेही उतरत असेल. ते तक्रार घेऊन वर येण्याआधी तुम्ही मालकांना कळवा.

*मे महिन्यात एसीच्या खालच्या भिंतीवर ओघळ.* एसीची पाणी जायची नळी तुंबली असेल. सर्व्हिसिंगमध्ये निघते. याला गळती म्हणून सोसायटीला पत्र लिहू नका.

विजेचं त्यामानाने सोपं. शेजारी दिवे आहेत आणि तुमच्याकडे नाहीत, तर आधी आपला बोर्ड बघा. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, त्यांचा तक्रार क्रमांक १९१२. मीटरच्या पुढचं घरातलं. गीझर लावल्यावरच ट्रिप होत असेल तर गीझर बंद ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. एमसीबी पुन्हा पुन्हा वर ढकलत बसू नका आणि "जास्त अँपिअरची टाकून देतो" म्हणणाऱ्याला तर अजिबात हात लावू देऊ नका. बोअर किंवा टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत गीझरच्या एलिमेंटवर क्षार बसून तो लवकर जळतो. तिथे गीझरच्या खर्चाचं करारातच मिटवलेलं बरं.

गॅसचा वास आला तर मालकांना फोन नंतर. रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, कुठलंही बटण दाबू नका. सिलिंडरसाठी १९०६. पाइप गॅस असेल तर मीटरजवळ आणि बिलावर कंपनीचा आपत्कालीन नंबर असतो. त्या पाइपला प्लंबरने हात लावायचा नसतो, तो कितीही हुशार असला तरी.

४. योग्य माणसाला, योग्य वाटेने कळवा

सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नमुना नियमांप्रमाणे) गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती आणि सामाईक पाण्याच्या व ड्रेनेजच्या लाइनींची गळती हा सोसायटीचा खर्च. फ्लॅटच्या आतलं ज्या त्या सभासदाचं. म्हणजे वरच्यांच्या न्हाणी ट्रॅपमुळे तुमचं छत भिजत असेल तर दुरुस्ती वरच्या फ्लॅटच्या मालकाने करायची.

पुण्यात दोन गोष्टी वेगळ्या निघतात. एक, बऱ्याच इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असतात. तिथे १९७० चा अपार्टमेंट कायदा आणि त्या इमारतीचं डीड ऑफ डिक्लरेशन (इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र) चालतं. दोन, नव्या टॉवरमध्ये अजून सोसायटीच झालेली नसते. अशा वेळी मालकांना आठवण करून द्या: रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याप्रमाणे, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दिसला आणि कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार फ्लॅट विकत घेणाऱ्याने करायची, तुम्ही नाही. मी पाहिलंय की हे सांगितल्यावर निवांत मालकसुद्धा कामाला लागतात, कारण खिसा त्यांचा वाचत असतो.

तुम्ही सोसायटीचे सभासद नाही. ऑफिसात जाऊन कितीही कळकळीने सांगा, मॅनेजर मान डोलावतील आणि वही मिटतील. फोटो तुम्ही काढा, मजकूर तुम्ही लिहा, पण ई-मेल मालकांच्या नावाने जाऊ द्या. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल मालक सोसायटीला नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस भरतात, सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. त्यांच्या पत्राला उत्तर द्यावंच लागतं.

मालकांना लिहायचा मेसेज असा असू द्या:

"नमस्कार काका, मागच्या बेडरूमच्या बाथरूमचं छत सोमवारपासून गळतंय. सकाळी सात ते दहा जास्त, दुपारी थांबतं. वरच्यांच्या मोरीतून असावं. फोटो आणि व्हिडिओ जोडलाय. वरच्यांशी बोललो, ते म्हणतात मालकांना विचारा. तुम्ही सोसायटीला ई-मेल कराल का? मजकूर खाली देतो. दिव्याच्या होल्डरजवळ पाणी आल्याने तो बंद ठेवलाय. शनिवारपर्यंत कळवा, म्हणजे प्लंबर ठरवता येईल."

काय झालं, केव्हापासून, धोका काय, तुम्हाला त्यांच्याकडून नेमकं काय हवंय आणि कधीपर्यंत. फोनवर बोलणं झालं तरी नंतर "आत्ता ठरल्याप्रमाणे" म्हणून एक ओळ टाकून ठेवा. अमेरिकेतल्या मालकांना आपल्या सकाळी लिहिलं तर त्यांची संध्याकाळ असते, उत्तर लवकर येतं.

५. मिस्त्री बोलावताना

शक्य तर इमारतीत आधी काम केलेला माणूस घ्या. त्याला डक्ट कुठून उघडतो आणि लाइन कुठून फिरली आहे, हे ठाऊक असतं. ॲपवरून येणारा मुलगा वॉशर, फ्लश टँक, पंखा यांसाठी ठीक. भिंत फोडायची असेल तर तो निभावेलच असं नाही.

- व्हिजिटचे पैसे किती, आणि काम दिलं तर ते मजुरीत धरणार का, हे फोनवरच विचारा.
- मजुरी वेगळी, मटेरियल वेगळं. अँगल कॉक, डायव्हर्टर यांसारख्या वस्तू स्वतः दुकानातून आणा, बिल मालकांच्या नावावर घ्या. जुना भाग टाकू नका, फोटो काढून पिशवीत ठेवा.
- अंदाजपत्रक व्हॉट्सॲपवर मागा आणि मालकांचा "हो" आल्यावरच काम सुरू करा.
- सोसायटीच्या ठोकठोकीच्या वेळा विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी दुपारी आणि रविवारी ड्रिल चालत नाही. गेटवर कारागिराची नोंद आधी करा, नाहीतर तो खालूनच परत जातो आणि पुन्हा येत नाही.
- टाइल फोडायची असेल तर तशाच टाइल्स उरल्या आहेत का हे मालकांना आधी विचारा. राडारोडा कोण उचलणार तेही ठरवा. तो जिन्यात राहिला की दंड तुमच्या नावावर लागतो.

सापळा: ओल थांबायच्या आधी रंग. मालकांना घाई असते, कारण रंग दिसतो आणि ट्रॅप दिसत नाही. पाणी बंद झाल्यावर पोपडे खरवडून भिंत उघडी ठेवायची, वाळायला काही आठवडे लागतात. पावसाळ्यात तर ती वाळतच नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की काही दिवसांत पुन्हा फुगते, लोणा फुटतो आणि तेव्हा दोष "तुम्ही खिडक्या बंद ठेवता" याच्यावर जातो. आषाढात रंग घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवा, दिवाळीआधी बोलवा.

६. पैशांचा हिशेब

भाड्यातून परस्पर कापू नका. मालकांनी लेखी होकार दिला तरी शक्यतो भाडं पूर्ण भरा आणि दुरुस्तीचे पैसे त्यांच्याकडून वेगळे यूपीआयने परत घ्या. नोकरदारांसाठी याला एक साधं कारण आहे: एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी) दाखवलेलं भाडं आणि बँकेतून गेलेली रक्कम जुळली पाहिजे. मालकांना कापूनच हवं असेल तर त्या महिन्याच्या पावतीवर "भाडं इतकं, पैकी दुरुस्तीपोटी वळते इतके" असं लिहून घ्या.

७. काहीच हलत नसेल तर

मग लेखी पत्र. करारातलं कलम, आधीच्या मेसेजच्या तारखा, फोटो आणि मुदत. करारात लिहिलेल्या पत्त्यावर पोचपावतीसह पोस्टाने, आणि प्रत ई-मेलने. धमकीची भाषा नको. बहुतेक मालक इथे जागे होतात, कारण टाइप केलेलं पत्र बघून त्यांना वाटतं की तुम्ही वकिलाकडे जाऊन आला आहात.

तरीही नाही, तर लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) आणि नोटीसचा काळ बघा आणि घर बदलायचा विचार करा. हे ऐकायला वाईट वाटतं, पण अकरा महिन्यांच्या करारासाठी कोर्टात वर्षं घालवणं परवडत नाही. भाडं थांबवून आत बसून राहू नका. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट भाड्याच्या दराने भरपाई लावायची तरतूद त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे आणि मालकांना त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. याच्या उलट, तुम्ही निघावं म्हणून मालकांनी पाणी किंवा वीज तोडली तर तो वेगळा आणि गंभीर मामला. तेव्हा मात्र वकील गाठा.

जवळ ठेवायचे कागद आणि वस्तू

- नोंदवलेला करार, इंडेक्स २ (नोंदणीचा उतारा) सह
- ताब्याच्या दिवसाचा व्हिडिओ आणि तो पाठवल्याचा मेसेज
- गीझर, एसी, चिमणीचे सिरियल नंबर. वॉरंटी असेल तर मालकांकडून बिलाचा फोटो
- दुरुस्तीची सगळी बिलं, यूपीआयच्या नोंदी
- मालक, त्यांचा इथला माणूस, सोसायटी ऑफिस, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांचे नंबर
- टेफ्लॉन टेप, टेस्टर, पाना, एम-सील आणि एक टॉर्च. वॉशर बदलायला याहून जास्त काही लागत नाही.

घर सोडताना रिकाम्या घराचा पुन्हा तसाच व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग टिपा आणि चावी दिल्याची दोन ओळींची पोच सही करून घ्या. वापरून जुना झालेला रंग आणि तुम्ही पाडलेलं भोक यांत फरक असतो. पहिल्यासाठी पैसे कापले तर करारातलं कलम विचारा, दुसऱ्यासाठी भरून टाका. "शेवटचे दोन महिने भाडं नको, डिपॉझिटमधून वळतं करू" असं मालक म्हणाले तर तेही लिहून घ्या. आणि डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत जुन्या मेसेजांपैकी एकही पुसू नका.